टिपणीस बाईंची काळी खोली

आमच्या कॉलेजची स्मरणिका गेल्या महिन्यात छापून आली. रोह्यात शिकवून गेलेल्या जवळजवळ प्रत्येक शिक्षकावर तीत पान-दोन पानं आहेत. ज्यांनी जन्मभर एकाच पिवळ्या पडलेल्या वहीतून नोट्स सांगितल्या त्यांनाही 'ज्ञानतपस्वी' म्हटलंय. टिपणीस बाईंवर एक ओळ नाही. संपादक मीच होतो. समितीच्या बैठकीत प्राचार्य म्हणाले, "भोईर सर, तो विषय नको," आणि मी यादीतल्या त्यांच्या नावावर मुकाट्याने काट मारली.

बाई आषाढात वारल्या. मला ते तीन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं पडली, चौथ्या दिवशी कोणीतरी वाढदिवसाचा केक टाकला आणि ग्रुप पुढे गेला. हात जोडणाऱ्यांत मीही होतो.

बाई पेणच्या. पेणहून रोज सकाळच्या पहिल्या एसटीने रोह्याला यायच्या. उंचीने बेताच्या, अंगाने काटक. केस स्वतःचे स्वतः कापायच्या आणि ते लांबूनही कळायचं. खांद्याला कापडी पिशवी. तीत डबा, टॉर्च आणि काळ्या चिकटपट्टीचं रीळ. कुठेही बारीकसा दिवा लुकलुकताना दिसला की बाईंचा हात पिशवीत गेलाच म्हणून समजा. स्टाफरूममधल्या इन्व्हर्टरचा लाल ठिपका, पंख्याच्या रेग्युलेटरचा हिरवा, सगळ्यांवर पट्ट्या. एकदा प्राचार्यांच्या केबिनमध्ये नवा टीव्ही आला, तर बोलता बोलता त्याच्याही दिव्यावर पट्टी लावून बाई मोकळ्या झाल्या. "नको असलेला उजेड सगळ्यात चिवट असतो," म्हणाल्या. प्राचार्यांनी ती पट्टी नंतर नखाने काढली आणि ते कधी विसरले नाहीत.

विद्यार्थी असो, शिपाई असो, बाई सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायच्या. आमचा लॅब अटेंडंट बाळाराम रोह्याशेजारच्या धाटावचा. त्याला साऱ्या कॉलेजने 'ए बाळाराम' म्हणून हाक मारली होती. बाईंनी पहिल्याच दिवशी "बाळाराम, तुम्ही जरा पडदा लावता का?" म्हटल्यावर तो मागे वळून बघायला लागला, आणखी कोण बाळाराम आलाय म्हणून.

आणि दुसरी सवय म्हणजे "बघितलंत?" कोणी काही ठामपणे सांगितलं की बाई चष्मा वर सरकवून एवढंच विचारायच्या. अमक्याने पेपर फोडला, तमकीचं लग्न मोडलं, कुंडलिका नदीचं पाणी पुन्हा लाल झालं. "बघितलंत?" निम्म्या गप्पा तिथेच मरायच्या. स्टाफरूमला बाई नकोशा होण्याचं खरं कारण हेच असावं. मला त्या आवडायच्या. मी विभागप्रमुख होतो, वयाने त्यांच्यापेक्षा थोडा लहान, आणि त्यांच्याएवढं पदार्थविज्ञान मला सात जन्मांत आलं नसतं हे मला पक्कं ठाऊक होतं.

तरुणपणी बाई मुंबईत एका मोठ्या संस्थेत संशोधन करत होत्या. वडिलांना अर्धांगवायू झाला, घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून चालू काम टाकून पेणला आल्या. वर्षभरासाठी आल्या होत्या. वडील बारा वर्षं अंथरुणावर होते. त्याबद्दल बाई काही बोलायच्या नाहीत. जुन्या संस्थेबद्दल मात्र बोलायच्या. तिथला जिना, तिथली उपकरणं, मोजायला बसलं की जेवणाची होणारी आबाळ. परत जायचंय असं त्यांनी कधी तोंडाने म्हटलं नाही, पण त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही ते कळलं असतं.

तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याने त्यांना अर्धवाहकाची एक चकती पाठवली होती. तांदळाच्या दाण्याएवढी, पातळ, आरपार उजेड जाऊ देणारी. तिच्यात एकावर एक शेकडो थर, चिरोट्याला असतात तसे. वर आणि खाली थरांचेच आरसे आणि मधे अडकलेला उजेड. बाई एकदा बाळारामला हे समजावून सांगत होत्या तेव्हा मी शेजारी वह्या तपासत होतो.

"उजेड त्या पदार्थात शिरतो, पदार्थ तो परत देतो, पुन्हा शिरतो. हे इतक्या घाईने चालतं की यातला उजेड कुठला आणि पदार्थ कुठला, वेगळं सांगताच येत नाही. दोघं गुंततात. मग एकाची मोजणी केली की दुसऱ्याचं कळतं."

"म्हंजे नवरा-बायकोसारखं, बाई?"

"नाही हो. नवरा-बायकोला वेगळं मोजता येतं."

बाळाराम दोन दिवस ते वाक्य सगळ्यांना सांगत फिरला.

या चकतीसाठी बाईंना अंधार हवा होता. मागच्या अडगळीच्या खोलीला त्यांनी आतून काळा रंग द्यायचं ठरवलं. पेणला त्यांच्या घराशेजारी गणपतीचा कारखाना होता. तिथल्या रंगाऱ्याला त्या घेऊन आल्या. चकाकी नसलेला काळा कसा द्यायचा हे त्याच्याइतकं कोणाला येणार? जन्मभर बुबुळं रंगवलेला माणूस चार भिंती आणि छत काळं करताना मनातून धसकला होता. काम संपल्यावर म्हणाला, "बाई, एवढा काला मी उभ्या जल्मात दिला नाय. यात तुमी बसनार?" बाई आनंदाने बसल्या. कुलूप घातलं, किल्ली पिशवीत टाकली. दुसरी किल्ली विभागप्रमुख म्हणून माझ्याकडे राहिली. आत कोणी जायचं नाही, झाडायलाही नाही, असा हुकूम झाला.

चकती गार करायला द्रवरूप नायट्रोजन लागायचा. तो आमच्या रोह्यात एकाच ठिकाणी मिळायचा, गुरांच्या दवाखान्यात. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यात ठेवतात. दर गुरुवारी बाई कॅन घेऊन गाईवाल्यांच्या रांगेत उभ्या. एकदा मी बरोबर होतो. पुढच्या म्हाताऱ्याने चौकशी केली, "बाई, किती गुरं हायत तुमची?"

"एकच आहे."

"गाय का म्हैस?"

"अजून कळलं नाही. तांदळाच्या दाण्याएवढं आहे."

म्हाताऱ्याने कॅनकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. "मंग लई लवकर आनलात," म्हणाला. बाई रस्ताभर हसत होत्या. त्यांना इतकं हसताना मी पुन्हा बघितलं नाही, आणि त्यात माझा हात आहे.

खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या उपकरणांची पूजा करायची आमच्याकडे पद्धत. बाळाराम दरवर्षी तराजू, सूक्ष्मदर्शक, मोटार, सगळ्यांना हळद-कुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो. त्या वर्षी बाई सुट्टी घेऊन पेणलाच होत्या. बाळारामने पूजा उरकली, हळद-कुंकवाचं तबक माझ्या टेबलावर ठेवलं आणि धाटावची गाडी पकडायला पळाला. मी एकटाच उरलो. माझे वडील नवमीला नांगर, कोयता, विळा, घरातलं एकही लोखंड सोडायचे नाहीत. मला वाटलं, कॉलेजात कमरेएवढ्या भंगाराला हळद लागली आणि ज्या एका यंत्रावर खरं काम चालतं ते तेवढं कोरडं राहिलं. माझ्या ड्रॉवरमध्ये किल्ली होती. मी कुलूप काढलं, काळं फडकं उचललं. चकती बाईंनी डबीत घालून कपाटात ठेवली होती. ती जिच्यावर बसवायची ती पितळी बैठक मोकळी होती. तिला मी बोटाने हळद लावली, हात जोडले. मग बाईंचा हुकूम आठवला आणि घाबरून रुमालाने पुसली. पितळेवर हळद दिसत नाही. मला वाटलं, गेली.

दिवाळीच्या जरा आधी, एका दुपारी बाई काळ्या खोलीतून बाहेर आल्या आणि सगळ्यांना चहा सांगितला. हे असं पूर्वी कधी झालं नव्हतं. जांभळा लेसर चकतीवर पाडला की उजेडाची एक नवी रेघ दिसत होती. चकतीचा कोन बदलला की ती सरकायची, म्हणजे ती आरशांमधल्या उजेडाची. चकती गार केली की ठळक व्हायची, म्हणजे ती पदार्थाची. दोन्हींची लक्षणं एकाच रेघेत. "गुंतलेत असं मी अजून म्हणणार नाही," बाई म्हणाल्या, "पण ही पहिली खूण आहे." चोपन्न वर्षांच्या होत्या त्या.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"भोईर, एक विचारायचंय. सुट्टीआधी मी बैठक साफ करून, नुसत्या बैठकीची मोजणी करून ठेवली होती. तेव्हा ही रेघ नव्हती. मधल्या दिवसांत आत कोणी गेलं होतं?"

मी हो म्हटलं असतं तर त्यांनी बैठक पुन्हा पुसली असती, पुन्हा मोजली असती. एका दिवसाचं काम.

"नाही," मी म्हटलं.

का म्हटलं? पदार्थविज्ञानाचा विभागप्रमुख चोरून यंत्राला हळद लावतो हे बाईंना सांगायची लाज वाटली. एवढंच. त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. पण 'बघितलंत?' विचारणाऱ्या बाईंनी माझ्या बाबतीत ते विचारलं नाही. "बरं झालं," म्हणाल्या आणि गेल्या.

शोधनिबंधावर त्यांनी माझंही नाव घातलं. मी नको म्हणालो तर म्हणाल्या, "माझे तास तुम्ही घेतलेत, त्याशिवाय हे झालंच नसतं." निबंध छापून आला. स्थानिक पेपरात बातमी, प्राचार्यांचा फोटो मोठा, बाईंचा लहान. आणि मग विज्ञान दिन आला. विज्ञान दिनाला मी दरवर्षी शाळेच्या मुलांना एक गंमत दाखवतो: स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद टाकायची, अंधार करायचा आणि जांभळ्या उजेडाची टॉर्च मारायची. हळद हिरवी-पिवळी पेटून उठते. मुलं "आऽऽ" करतात. त्या वर्षीही मुलांनी केलं. मी टॉर्च धरून तसाच उभा राहिलो. शेवटी बाळाराम म्हणाला, "सर, दिवा लावू का?"

त्या दिवशी मला सगळं कळलं. कळलं नव्हतं अशी पळवाट मला नाही. पण प्राध्यापकपदाची माझी मुलाखत पुढच्या महिन्यात होती आणि अर्जात तो निबंध सगळ्यात वर होता. मी मुलाखतीनंतर सांगायचं ठरवलं. मुलाखत झाली, मी प्राध्यापक झालो, आणि त्याच आठवड्यात बाईंना जुन्या संस्थेचं पत्र आलं: वर्षभर इथे येऊन हे काम पुढे न्या. पत्र हातात घेऊन बाई कॉलेजच्या पायरीवर बसल्या होत्या. पदराने डोळे पुसत होत्या आणि कोणाला दिसू नये म्हणून चष्मा पुसल्याचं सोंग करत होत्या. आता कुठल्या तोंडाने सांगू, असं मी स्वतःला म्हणालो. अशा वेळी माणसाला स्वतःचा भेकडपणा दयेसारखा दिसतो.

बाई चकती आणि बैठक घेऊन मुंबईला गेल्या. चार महिन्यांत परतल्या. आल्या दिवशी स्टाफरूममध्ये उभं राहून त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं. तिथे रेघ दिसली, पण रोज थोडी फिकी होत गेली. चकती जुनी झाली असेल असं सगळ्यांना वाटलं. एका रविवारी त्यांनी वालाच्या बिरड्याचा डाग पडलेला पांढरा नॅपकिन धुऊन गच्चीवर उन्हात टाकला. संध्याकाळी काढायला गेल्या तर डाग गेलेला.

"हळदीचा डाग उजेडाने जातो, हे मला आईने सातव्या वर्षी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी बैठक खरवडून काढली. रेघ गेली. चकतीत काहीच नव्हतं. चकतीमागच्या हळदीचा उजेड आरशांतून गाळून येत होता, म्हणून कोनाबरोबर सरकत होता. गारठ्यात हळदही जास्त पेटते. मी सगळ्यांसमोर सांगून निबंध मागे घेतला."

"तिथले लोक काय म्हणाले?" कोणीतरी विचारलं.

"चांगले वागले," बाई म्हणाल्या.

इथले लोक चांगले वागले नाहीत. पेपरात आता वेगळी बातमी आली. प्राचार्यांनी चौकशी बसवली आणि दरवर्षी पूजा बाळाराम करतो म्हणून त्याला मेमो दिला. त्याच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तो समितीपुढे हात बांधून उभा.

"मी त्या खोलीत गेलो नाय, साहेब. बाईंनी मना केलं होतं. तबक मी भोईर सरांच्या टेबलावर ठेवलं न् गेलो. सरांना इचारा, त्यांना म्हाईत हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी त्या दिवशी लवकर घरी गेलो होतो."

हे वाक्य मी लिहू शकतोय याचंच मला आश्चर्य वाटतंय.

बाई समोरच्या खुर्चीवर होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने असं म्हणता येणार नाही. रीडिंग घेताना बघायच्या तशाच, नीट, घाई न करता. मग क्लार्ककडून कोरा कागद मागितला आणि तिथेच लिहायला घेतलं: नवमीची पूजा मी स्वतः केली, बाळाराम यांचा काही संबंध नाही.

"बाई, नका ओ असं लिहू!" बाळाराम कळवळला. "तुमी तर पेनला होतात."

"बाळाराम, तुम्ही चहा सांगून या," बाई म्हणाल्या आणि सही केली.

आयुष्यात न बघितलेली गोष्ट खरी म्हणून त्यांनी ही एकदाच लिहिली. समितीला तेच हवं होतं. बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. काळ्या खोलीत आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. बाळाराम मेमोतून सुटला, पण लोकांच्या तोंडातून सुटला नाही. बाईंनी त्याला पदराआड घेतलं असंच सगळे धरून चालले. कॉलेजात आणि धाटावला त्याचं नाव 'हळद्या' पडलं. त्याच्या मुलीच्या लग्नाच्या पंगतीतही कोणीतरी ओरडलं, "अरे हळद्याला बोलवा, हळद लावायला!" मी त्या पंगतीत जेवत होतो.

दोन वर्षांपूर्वी मी पेणला बाईंच्या घरी गेलो. फोन केला नव्हता. केला असता तर धीर गेला असता. बाई खिडकीशी नववीतल्या एका मुलीला भिंगाचं गणित शिकवत होत्या. केस पूर्ण पांढरे झाले होते, तसेच वेडेवाकडे कापलेले. मुलीला त्यांनी "तुम्ही उद्या या" म्हणून पाठवलं आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. शेजारच्या कारखान्यात पॉलिश पेपर घासल्याचा आवाज येत होता.

मी सगळं सांगितलं. तबक, किल्ली, रुमाल, विज्ञान दिन, मुलाखत. काहीही लपवलं नाही. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"मला वाटतं मी नीट विचारलं होतं."

"नीटच विचारलं होतं, बाई. मला माफ करा."

त्यांनी मुलीची उघडी वही मिटून बाजूला ठेवली. मग त्यांनी विचारलं, "बाळारामांना सांगितलंत?"

"नाही अजून."

"मग इथे आधी का आलात?" आवाज चढला नव्हता. "मला तर समितीच्या दिवशीच कळलं होतं. मला सांगून नवीन काय झालं? त्यांना आजही लोक त्या नावाने हाक मारतात. इथे येणं सोपं होतं, म्हणून आलात."

बाईंनी घड्याळ बघितलं आणि रोह्याची गाडी चारला असते असं सांगितलं. दारापर्यंत आल्या. मी कोपऱ्यावरून मागे वळून पाहिलं तर त्या दारात नव्हत्या. खिडकीशी बसून त्या मुलीची वही तपासत होत्या. तेच शेवटचं दर्शन.

गाडी कोलाडवरून आली. धाटावला कारखान्यांतली शिफ्टची माणसं चढायला लागली. बाळारामचं घर स्टॉपपासून पायी दहा मिनिटं. मी पिशवी मांडीवर घेतली होती, उठायच्या तयारीत होतो. वाटेत उभ्या माणसाने विचारलं, "उतरताय काय, सर?" मी पाय आत घेतले आणि त्याला बसायला जागा करून दिली.

बाळाराम अजूनही बाजारात भेटतो. वाल, काकड्या, जे परसात पिकलं असेल ते घेऊन बसतो आणि माझ्या पिशवीत चार काकड्या जास्तीच्या घालतो. "बरं हाय ना, सर?" विचारतो. मी बरं आहे म्हणतो.